कुंपणापलीकडचा होकार

१

बाबांना कुठंही न्यायचं म्हणजे आधी त्यांचे नकार मुकाट्यानं गिळायचे आणि मगच गाडीची किल्ली उचलायची. ते लिफ्ट तपासनीस होते. इमारतीत जायचं, लिफ्ट वर-खाली करून बघायची, दोर, ब्रेक, दरवाजे तपासायचे आणि बहुतेक वेळा 'चालणार नाही' असं सांगून परत यायचं, हे त्यांचं काम. नोकरी संपली, पण जिभेला लागलेलं वळण गेलं नाही. भाजी वाढू का? नको. पंखा लावू का? नको. डॉक्टरांना दाखवू या का? मुळीच नको. माझ्या इमारतीतली लिफ्ट तर त्यांनी पहिल्याच दिवशी नापास केली होती. तेव्हापासून माझ्याकडे आले की ते धापा टाकत जिना चढत आणि वर आल्यावर दम लागल्याचा राग माझ्यावर काढत.

"बागेत काय बघायचं असतं?" त्या दिवशी सकाळी ते म्हणाले. "झाडं उभी असतात. आपणही उभं राहायचं. मग घरी यायचं."

बाग दादानं शोधून दिली होती. दादा परदेशात असतो, त्यामुळे त्याला सगळं सुचतं. "एका जुन्या घराण्याची इस्टेट आहे, लोक लांबून लांबून बघायला येतात. मोकळ्या हवेत ने आणि हळूच विषय काढ, ऐकतील ते," असं त्यानं फोनवर सांगितलं आणि तो मीटिंगला गेला.

विषय एकच होता. गेल्या महिन्यात बाबा न्हाणीघरात पडले आणि दुपारी मी येईपर्यंत तिथंच ओल्या फरशीवर पडून राहिले. मी तेव्हा माझ्या चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांवर भिंगं बदलत "आता कसं दिसतंय?" असं विचारत होते. मग दुकान मदतनीस मुलींवर सोपवून मी त्यांच्याकडे राहायला गेले. ते आता आणखी चालणार नव्हतं. उद्यापासून मला दुकानात जायचं होतं आणि त्यांनी माझ्याकडे राहायला यायचं, एवढा एक होकार मला आज काढायचा होता. खोली तयार होती. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला होता. त्यांचे कपडे भरलेली बॅग मी त्यांना ताकास तूर लागू न देता गाडीच्या डिकीत ठेवली होती.

२

बागेनं पहिल्यापासूनच माझं डोकं फिरवलं. कारंजं दुरुस्तीसाठी बंद. बंगला आतून बघायला बंद. काचघर उघडं होतं, पण त्यात रिकाम्या कुंड्या आणि एक शिडी. बाण दाखवतील त्याच दिशेनं चालायचं, मागं फिरायचं नाही, अशी जागोजागी ताकीद. स्वच्छतागृह मागं राहून गेलेलं. बसायला बाक होते, पण प्रत्येकावर घराण्यातल्या कुणाच्या तरी आठवणीची पाटी आणि मधोमध लोखंडी पट्टी, म्हणजे दोन माणसांनी शेजारी बसायचं तर पट्टीच्या अलीकडे एकानं आणि पलीकडे दुसऱ्यानं.

"ही पट्टी चुकीच्या ठिकाणी आहे," बाबा म्हणाले. "भार मधे येतो. मोडणार हे."

"बाबा, बागेला तरी नापास करू नका."

"खोटं बोलू का मग?"

उकडायला लागलं तसा त्यांनी कोट काढून माझ्या हातावर टाकला. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. गुलाबांच्या वाफ्यापाशी आम्ही पोचलो. फुलं बरी होती, बाबांनी एका फुलाला नाकही लावलं. मला वाटलं, हीच वेळ आहे.

"बाबा, मी काय म्हणते..."

एवढंच. पुढचं वाक्य काय असणार हे त्यांना महिनाभरात पाठ झालं होतं. त्यांनी शांतपणे कानातलं मशीन काढलं, रुमालात गुंडाळलं आणि माझ्या हातावरच्या कोटाच्या खिशात ठेवून दिलं. वादात ते नेहमी हेच करतात. मशीन काढलं की त्यांच्यापुरता वाद संपतो. मग मी कानाशी जाऊन ओरडायचं आणि आजूबाजूच्यांनी माझ्याकडे वळून बघायचं.

"उद्यापासून तुम्ही एकटे राहू शकत नाही!" मी ओरडले.

फोटो काढणारं एक जोडपं वळून बघायला लागलं. बाबा गुलाबाकडे बघत राहिले. तेव्हा मला इतका राग आला की, खरं सांगते, मी कोट तिथंच वाफ्यात भिरकावून निघून जाणार होते.

३

वाफ्याच्या पुढं बाणांची वाट एका उंच कुंपणापाशी येऊन दुभंगत होती. कुंपण म्हणजे झाडांचंच, कातरून भिंतीसारखं सरळ केलेलं, माणसाच्या डोक्याच्या वर जाणारं. त्याच्या एका बाजूनं एक पायवाट, दुसऱ्या बाजूनं दुसरी. तोंडाशी बागेची एक बिल्लेवाली बाई खुर्ची टाकून बसली होती.

"भांडण झालंय का?" तिनं विचारलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वाफ्यापासून ऐकू आलं." ती हसली. "घराण्यात तशी पद्धतच होती. घरातल्या दोघांचं बिनसलं की त्यांना इथं पाठवायचे. एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. बोलत चालायचं. तोंड दिसलं की माणूस भांडतो, नुसता आवाज असला की ऐकतो. पुढं फाटकापाशी दोन्ही वाटा एकत्र येतात."

"आणि तोवर समेट झाला नाही तर?"

"होतो," ती म्हणाली. "झाल्याशिवाय कुणी बाहेर येत नाही."

मी कुंपणाकडे पाहिलं. इथं तोंडाशी ते फार जाड नव्हतं. पानांच्या फटीतून पलीकडची वाट, तिच्यावरचं ऊन, सगळं दिसत होतं. बाहेर पडायला दुसरा रस्ता नव्हता. मी बाबांना खुणेनं समजावलं. मला वाटलं, ते नको म्हणतील आणि मग इथंच आमचं घोडं अडेल. पण ते म्हणाले, "तू त्या बाजूनं, मी या बाजूनं? उत्तम. तेवढीच शांतता."

आणि काठी टेकत ते निघालेसुद्धा. मला कोट परत द्यायचं सुचलं नाही, त्यांना मागायचं सुचलं नाही. रागाच्या भरात आम्हा बापलेकींचं डोकं सारखंच चालतं.

४

सुरुवातीला त्यांची काठी नीट ऐकू येत होती. काठी, पाऊल, घसटणारं दुसरं पाऊल. मधेच खाकरणं. ते स्वतःशी बोलत होते, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं.

"मी माझं घर सोडणार नाही म्हणजे नाही. कुणी काही बोलो."

"बोलतंय कोण? बोललं तर ऐकताय कुठं?" मी म्हणाले. अर्थात त्यांना ऐकू गेलं नाही. मी हात टेकले आणि नुसती चालत राहिले.

वाट एका वळणाला आली. तिथं सावली दाट होती आणि कुंपणही दाट झालं होतं. फटी नाहीत, पलीकडचं ऊन नाही. काठीचा आवाज थांबला. मीही थांबले. क्षणभर वाटलं, पडले बिडले तर नाहीत?

"बाळ, दमलीस का?"

अगदी जवळून. बाबांचाच आवाज, त्याच घोगऱ्या सुरात. मी हसले आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी मला जन्मात कधी बाळ म्हटलेलं नाही. बरे असले की 'अगं', चिडले की 'मॅडम'. दादाचं खरं ठरलं म्हणायचं, मोकळ्या हवेनं काहीतरी केलं होतं.

"दमले बाबा," मी म्हणाले. "फार दमले."

"कळतं गं मला. बोल."

मग मी बोलले. महिनाभर ओरडून जे सांगितलं होतं ते पहिल्यांदा हळू आवाजात सांगितलं. त्या दुपारी दार उघडल्यावर नळाचा आवाज येत होता आणि बाबांचा येत नव्हता, तेव्हा मी चपला न काढताच कशी आत धावले. रात्री तुमचं खाकरणं थांबलं की उठून बघण्याआधी मी काय काय विचार करते. तुम्हाला ताब्यात ठेवायचं नाहीये मला, तुम्ही हवे आहात, एवढंच. शेवटची वाक्यं तर मला धड उच्चारताही आली नाहीत, नुसती ओठांत राहिली.

"येईन मी," पलीकडून आवाज आला. "तू म्हणशील तसं. आजच येतो."

मी कोटात तोंड खुपसून रडले. एक महिना माझ्या नाकी नऊ आणणारा प्रश्न इतक्या सोप्या तऱ्हेनं सुटला होता. कोटाला बाबांचा वास होता. आणि गालाला काहीतरी टणक लागत होतं.

मी खिशात हात घातला. रुमाल होता. रुमालात मशीन होतं.

५

डोळे फसतात हे मी रोज बघते. समोरच्या पाटीवरचं अक्षर माणसाला दिसत नसतं आणि तो छातीठोकपणे भलतंच वाचतो. कानांचंही तसंच असणार, मी स्वतःला समजावलं. वारा नाही, आसपास शांतता आहे, बाबांना कधी कधी थोडं ऐकू येतं. येत असेल. पण मी तर ओठांत बोलले होते. घरी जेवायला चला म्हणून सांगायलाही मला त्यांच्या दंडाला हात लावावा लागतो.

मी कुंपणाकडे पाठ केली आणि श्वासाइतक्या आवाजात विचारलं, "पाणी हवंय?"

"नको बाळ. तुला हवं तर तू पी."

मी चार पावलं चालले. पलीकडे चार पावलं वाजली. मी थांबले, ती थांबली. काठी नव्हती त्यात, घसटणारा पायही नव्हता. माझ्याच चालीनं कुणीतरी चालत होतं.

"बाबा, तुमची काठी कुठाय?"

"आहे की," आवाज म्हणाला आणि मग काठी वाजली. आधी नाही. मी विचारल्यावर.

मी पानांत हात घातला. पलीकडची वाट हातभर अंतरावर असायला हवी होती, तोंडाशी मी स्वतः पाहिली होती. मनगट गेलं, कोपर गेलं, खांद्यापर्यंत हात आत गेला. पानांमागं पानं, गार आणि ओलसर. कुठंच पलीकडची हवा लागली नाही.

"हात काढ बाळ," आवाज मायेनं म्हणाला. "ओरखडे उठतील."

मी पळत सुटले. मागं फिरायचं नाही ही ताकीद पाळायची म्हणून नव्हे. मागं वळून ती दाट सावली पुन्हा ओलांडायची माझी हिंमत नव्हती, म्हणून पुढं.

६

फाटकापाशी बाबा उभे होते.

तेच ते. तोच सुरकुतलेला सदरा, हातात काठी, दाढी करताना हनुवटीखाली राहिलेले तेच पांढरे खुंट. मला बघून ते हसले. मला स्वतःचीच लाज वाटली. धावून धावून धाप लागली होती, केसांत पानं अडकली होती आणि माझा म्हातारा बाप कधीचा वाट बघत उभा होता.

"चल, घरी जाऊ," ते म्हणाले.

"कुठल्या घरी?"

"तुझ्या. दुसरं कुठलं?"

मी त्यांच्या कानात मशीन बसवलं. एरवी मला ते हात लावू देत नाहीत, 'मॅडम, मी अजून जिवंत आहे' म्हणून झिडकारतात. या वेळी त्यांनी मान तिरकी करून कान पुढं केला. गाडीत बसल्यावर पट्टाही स्वतःहून लावला. पट्ट्यावरून आमची दर वेळी खडाजंगी होते.

तेवढ्यात दादाचा फोन आला. मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "अरे, मी हिच्याकडे राहायला चाललोय. काळजी करू नकोस."

"बघ!" दादा खुशीत ओरडला. "म्हटलं नव्हतं मी? मोकळी हवा!"

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. जे हवं होतं ते मिळालं होतं. मग माझ्या जिवात जीव का येत नव्हता? मी काच थोडी खाली केली आणि अगदी सहज बोलल्यासारखं केलं.

"बाबा, आमच्याकडे जिना धुतलाय आज. लिफ्टनंच जावं लागेल."

मी वाट बघत होते. मनातल्या मनात अक्षरशः विनवत होते. चिडा. काहीतरी बोला. दोर कुजलाय म्हणा, तू काय मला मारायला नेतेस का म्हणा, गाडीतून उतरून चालू पडा.

"जाऊ की लिफ्टनं," ते म्हणाले. "काय होतंय त्याला?"

७

"कोट राहिला वाटतं आत," मी म्हणाले. कोट माझ्या मांडीवर होता. त्यांनी कोटाकडे पाहिलं आणि गोड हसले.

"जा बाळ. सावकाश ये. मी बसतो."

ऊन उतरलं होतं. बिल्लेवाली बाई आता इकडे येऊन फाटकाला साखळी लावत होती.

"उघडा," मी म्हणाले. "माझे वडील आत आहेत."

"ताई, ते तर गाडीत बसलेत. जाताना मला हात जोडून गेले."

"माझे वडील कुणाला हात जोडत नाहीत!"

हे बोलताना मला कळत होतं की मी वेड्यासारखी बोलतेय. बाईलाही ते कळत होतं. तिनं कुलूप दाबलं आणि समजुतीच्या सुरात विचारलं, "पण तुमचा समेट झाला ना? मग आता काय हवंय?" उत्तराची वाट न बघता ती बंगल्याच्या दिशेनं निघून गेली. मी तिच्यामागं धावले असते, पण तेवढ्यात आतून आवाज आला.

काठी. पाऊल. घसटणारं दुसरं पाऊल.

मी गजांना धरून उभी राहिले. आवाज लांबून येत होता, पण स्पष्ट होता. मग खाकरणं आलं आणि मागोमाग ते वाक्य, महिनाभर ऐकून ऐकून माझ्या डोक्यात गेलेलं.

"मी माझं घर सोडणार नाही म्हणजे नाही!"

त्या क्षणी मला जितका आनंद झाला तितका कुठल्याच होकारानं झाला नसता. राहा तुमच्या घरात, मी मनात म्हणाले. मी येते तिकडे राहायला, दुकान गेलं खड्ड्यात. फक्त बाहेर या. मी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडून उत्तर आलं.

"नका सोडू, बाबा. कुणी सांगितलंय? तुम्ही म्हणाल तसं."

तो माझा आवाज होता. फक्त मी इतकी शांत कधी बोलत नाही.

वळणाशी कुंपणाच्या सावलीत ते दिसले. बाबांची पाठ, नुसत्या सदऱ्यातली. त्यांच्या कोपराला कुणीतरी आधार दिला होता आणि त्यांनी तो देऊ दिला होता. त्या हाताची बाही मला दिसली. मी खाली माझ्या बाहीकडे पाहिलं आणि पुन्हा वर पाहिलं. तोंड कुंपणाआड होतं. बाबा त्या तोंडाकडे मान वळवून काहीतरी सांगत होते, हसत होते, कितीतरी दिवसांनी.

"बाबा!" मी जीव खाऊन ओरडले. फाटक हलवलं, साखळी आपटली. "बाबा, मी इकडे आहे!"

दोघं थांबली.

"कुणीतरी हाक मारतंय वाटतं," माझा आवाज म्हणाला.

"असेल कुणी," बाबा म्हणाले. "तू बोल."